ऐका हो ऐका, बंदी ऐका

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अ. उ. आ.

इकडे सगळं क्षेम. तिकडचं क्षेम तू कळवत नाहीस, म्हणून आम्ही ते धरून चालतो. वहिनीनं माझ्या गुडघ्याची चौकशी केली होती. तिला सांग, गुडघा सरकारपेक्षा बरा आहे, दुखायच्या आधी कुरकुर तरी करतो. भाचीचं कॉलेज कसं चाललंय? आत्याची आठवण काढते का, की बापासारखीच तीही शहराची झाली?

आता मुद्द्याचं. परवा आपल्या रेडिओ केंद्राला तुमच्या कचेरीचं पत्र आलं. तुमच्या म्हणजे तुझ्याच प्रसारण संचालनालयाचं, जिथे तू इतकी वर्षं खुर्ची उबवतोयस. यापुढे रेडिओवर जे काही बोलायचं असेल ते पंधरा दिवस आधी, राज्यभाषेत लिहून, मंजुरीसाठी पाठवावं, असा हुकूम आहे. मी तो आमच्या मिस्त्रीला वाचून दाखवला. यंत्र बिघडलं की चिकटपट्टी आणि शिव्या यांवर ते चालू करणारा तो हाच मिस्त्री. त्यानं शांतपणे विचारलं की पंधरा दिवसांनी कुणाला साप चावणार आहे याची यादी कुणाकडून आणायची. मी म्हटलं, माझा भाऊ तिथेच आहे, त्याला विचारते.

तू केंद्र कधी पाहिलंच नाहीस, म्हणून सांगते. जुनी धान्य तोलायची खोली आहे. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेत, आवाज घुमू नये म्हणून. एक टेबल, एक मायक्रोफोन, आणि दार लागत नाही म्हणून दाराला टेकवलेला दगड. एवढ्यावर आम्ही रोज संध्याकाळी निरोप सांगतो. कोण दवाखान्यात आहे, कुणाची गुरं चुकलीत, कुठल्या ओढ्याला पाणी चढलंय. या दऱ्यांमध्ये फोन लागत नाही, आणि सरकारी रेडिओ ज्या भाषेत बोलतो ती इथल्या निम्म्या माणसांना कळत नाही. आपल्या बोलीत बोलणारं सगळ्या डोंगरात हे एकच डबडं आहे.

आणि नेमका आत्ताच हा हुकूम का आला, तेही तुला ठाऊक असेलच. आपला डोंगर खाणीला द्यायचा घाटतंय. त्यासाठी २२ मार्चला जिल्ह्याच्या गावी जनसुनावणी आहे. तिची जाहिरात शहरातल्या एका वर्तमानपत्रात आली, जे इथे फक्त दुकानदाराकडे पुड्या बांधायला येतं, तेही शिळं. गंमत अशी की जो सुनावणीला येणार नाही त्याची खाणीला संमती आहे असं धरणार. म्हणजे डोंगरातला प्रत्येक माणूस घरी बसून, काही न कळता, अगदी आनंदानं हो म्हणणार आहे. मी सुनावणीची सूचना रेडिओवर सांगायचं ठरवलं आणि नियमाप्रमाणे मंजुरीला पाठवली. ती कुणाच्या टेबलावर पडलीय तेवढं बघ.

कळावे. लोभ आहेच, तो मंजुरीची वाट न बघता चालू ठेवावा.

तुझी,
ताई


ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटाची कड दोनदा चिकटवलेली होती आणि दुसऱ्यांदाची खळ तुझी नव्हती. तेव्हा जरा जपून लिहीत जा. माझी पत्रंही तशीच पोचत असतील.

इकडे सर्व ठीक. हिची कंबर धरली होती, आता बरी आहे. पोरगी अभ्यास करते असं ती म्हणते आणि आम्ही मानतो. सरकारी घराच्या छताचे पोपडे पडतात, तक्रार केली की माणूस येऊन पोपडे मोजून जातो.

तू माझ्या कचेरीबद्दल इतक्या प्रेमानं लिहिलंस, तर थोडं सांगतो. आमच्याकडे एक ऐकण्याचा विभाग आहे. लांब खोली, खिडक्यांना काळा कागद, ओळीनं टेबलं, प्रत्येकावर कानाला लावायचं यंत्र. तिथे तुझं केंद्र रोज ऐकलं जातं. ऐकणाऱ्या कुणालाही आपली बोली कळत नाही. त्यामुळे ते सुरावरून अहवाल लिहितात. गेल्या आठवड्यात एकानं लिहिलं की निवेदिका संशयास्पदरीत्या आनंदी वाटली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं लिहिलं की ती संशयास्पदरीत्या गंभीर वाटली. दोन्ही अहवाल मोठ्या साहेबांना पटले.

तुझी सूचना माझ्याच टेबलावरून गेली. नामंजूर झाली. सुनावणीची माहिती दिल्यास लोक सुनावणीला येतील आणि त्यामुळे गर्दी होऊन शांततेस बाधा येईल, असं कारण आहे. हे मी रचलेलं नाही, असं लिहायला डोकं लागतं.

साहेबांनी परवा बैठकीत विचारलं की ही डोंगरातली बोली कचेरीत कुणाला येते का. मी चहाच्या कपात बघत बसलो. ताई, रागावू नकोस. इथे मी कुठला हे कुणाला ठाऊक नाही, कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. घर सरकारी, पोरीचं शिक्षण व्हायचं, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत. तू सुनावणीचा नाद सोड. सूचना सांगितलीस तर केंद्राला सील ठोकतील आणि तुला आत टाकतील. तुला आत टाकल्यावर जामीन द्यायला मीच यायचं ना? ते जमेल असं मला वाटत नाही.

वडिलकीचा लोभ आहे, तो या पत्रामुळे कमी होऊ देऊ नये ही वि.

तुझा,
धाकटा


ता. १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आ., आणि वाटेत पाकीट उघडणाऱ्या साहेबांस सा. न.

साहेब, आपण आमच्या घरच्या पत्रांत एवढं लक्ष घालता, तर घरचेच झालात. पुढच्या वेळी पाकीट नीट चिकटवा, कडेला सुरकुत्या पडतात.

आता तुझ्याकडे वळते. चहाच्या कपात बघत बसलास म्हणे. काय दिसलं कपात? आई दिसली का? तिला तुमच्या राज्यभाषेतलं 'या, बसा' सोडून काही येत नव्हतं. तिच्या हाताखाली वाढलास, तिच्याच बोलीत रडलास, आणि आज कुणी विचारलं तर शेपूट घालतोस. मी गावात सांगत असते की धाकट्याला कामं फार असतात म्हणून तो येत नाही. आता सांगेन की चहा फार असतो.

तुमच्या साहेबांना आमची इतकी काळजी, की त्यांनी एक निरीक्षक पाठवलाय. स्वतःची उशी घेऊन आलाय, आमच्या खुर्च्या त्याला टोचतात. रोज संध्याकाळी तो मिस्त्रीच्या शेजारी बसतो आणि यंत्राच्या खटक्यावर हात ठेवतो. मंजूर कागदाबाहेर काही गेलं, किंवा भावना भडकतील असा सूर लागला, की खटका दाबून आमचा आवाज बंद करायचा, असं त्याचं काम. त्याला बोली कळत नाही. त्यामुळे कुणी हसलं की दाबतो, कुणी थांबलं की दाबतो. निरोप तातडीचे असतील तर पंधरा दिवसांची अट नाही एवढी मेहेरबानी त्यानं आपल्या अधिकारात केली. माणूस वाईट नाही. घाबरट आहे. तुझ्याशी त्याचं छान जमेल.

मागच्या मंगळवारी खालच्या दरीतल्या एका बाईला दवाखान्यात ठेवलं. तिचा मुलगा वरच्या रानात लाकूडतोडीला गेलेला. तुझी आई फार आजारी आहे, लगेच निघ, एवढा निरोप मी सांगायला घेतला. बाई माझ्या ओळखीची. बोलताना माझा गळा भरून आला. निरीक्षकाला वाटलं भावना भडकतायत. त्यानं खटका दाबला. मी बोलत होते, आणि माझं बोलणं अंड्यांच्या ट्रेंपलीकडे गेलंच नाही. मिस्त्रीनं हातापाया पडून खटका उचलायला लावला तोवर आमची वेळ संपली होती, आणि वेळेबाहेर बोलणं हा गुन्हा. मुलगा आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो केंद्राच्या दारात उभा राहून मला एवढंच म्हणाला की मी रोज रेडिओ ऐकतो, त्या दिवशीही ऐकत होतो. मला तोंड दाखवायची लाज वाटली रे. तुम्हा लोकांना कशी वाटत नाही?

सुनावणीचा नाद सोड म्हणतोस. चालत जाऊन वस्त्यांवर सांगावं म्हणून दोघांना पाठवलं होतं. चौकीवर त्यांना अफवा पसरवतात म्हणून बसवून ठेवलंय. दऱ्यादऱ्यांत तीन तीन घरांच्या वस्त्या, माझा गुडघा असा. रेडिओशिवाय हे होणार नाही. तेव्हा मी सांगणार. निरीक्षकाचा हात पोचायच्या आत जेवढं तोंडातून निघेल तेवढं. तारीख तरी जाईल. मग ठोका सील.

जामिनाची काळजी करू नकोस. तुझ्या नावावर मी एक उधारीचं दूधही घेत नाही.

लोभ होता.

ताई


ता. १ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. हिनंही वाचलं. त्या मुलाचं वाचून ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आल्यावर माझ्याशी फक्त भाजी वाढण्यापुरतं बोलली.

तुला कळवायला आनंद होतो की मी साहेबांना सांगितलं. मला ती बोली येते, म्हणालो. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू टेबलच बोललं. मग फार खूश झाले. आता मी बोलीतज्ज्ञ आहे. दारावर तशी पाटी लागायची आहे. तुझं केंद्र आता माझ्या अखत्यारीत, म्हणजे आपल्या घरातच राहिलं.

कामाला लगेच लागलो. साहेबांना मी अदबीनं लक्षात आणून दिलं की केंद्राला दिलेल्या हुकमातलं बंदीचं कलम फार मोघम आहे. आक्षेपार्ह काही बोलू नये, एवढंच त्यात लिहिलंय. उद्या केंद्रवाली बाई म्हणेल की आक्षेपार्ह काय ते आम्हाला कळलंच नाही. बाई बनेल आहे, हे मी खात्रीनं सांगितलं. तेव्हा काय बोलायचं नाही ते तपशीलवार, एकेक गोष्ट सुटी करून लिहावं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि हात जड आहे त्यांचा.

पुढची कल्पना मात्र त्यांची स्वतःची, तिचं श्रेय मी घेणार नाही. ते म्हणाले की बंदी नुसती बोलणाऱ्यावर कशाला, ऐकणाऱ्यांवरही घाला. त्यांनीही आपसात हे बोलू नये. आमच्या कायदा शाखेनं लगेच सांगितलं की ज्याच्यावर बंदी घालायची त्याला ती त्याच्या भाषेत कळवणं बंधनकारक आहे, नाहीतर ती लागू होत नाही. आता एवढ्या दऱ्यांत कळवायचं कसं? साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, त्यांचा रेडिओ आहे ना.

त्यामुळे तो आदेश तुझ्या केंद्रावरून, आपल्या बोलीत, रोज सकाळ-संध्याकाळ वाचून दाखवायचा आहे. भाषांतराचं काम अर्थातच बोलीतज्ज्ञाकडे. आदेश साहेबांच्या सहीनं निघाला की तुला टपालानं येईल. ताई, माझी हात जोडून विनंती आहे, आयुष्यात एकदा सरकारचं ऐक. तोवर स्वतःच्या मनानं एक अक्षरही सांगू नकोस. आदेश आला की त्यातला एक शब्द गाळू नकोस, एक शब्द पदरचा घालू नकोस. अक्षरशः पाळ.

लोभ होता असं लिहिलंस. तो पुन्हा चालू करण्याबद्दल विचार व्हावा.

तुझा,
धाकटा


ता. ९ मार्च

चि. बोलीतज्ज्ञ यांस,

बढतीबद्दल अभिनंदन. आईनं तुला बोलायला शिकवलं ते याचसाठी, की एक दिवस तू तिच्या भाषेत तिच्याच माणसांना तोंड बंद करायला सांगावंस. बाबा असते तर पाटी बघायला आले असते. पाठीवर पडलेल्या त्या जड हातासाठी तेल पाठवू का?

मिस्त्रीला तुझं पत्र दाखवलं नाही. तुझ्याबद्दल त्याचं मत जेमतेम बरं आहे, तेही घालवायचं माझ्या जिवावर आलं. उद्या संध्याकाळी मी सुनावणीची तारीख सांगणार होते, ती सांगणारच. तुझी विनंती तू

ता. १० मार्च, सकाळ

पत्र काल अर्धंच राहिलं, कारण टपालवाला आला आणि त्यानं सरकारी शिक्क्याचं जाड पाकीट हातात दिलं. आत तुमचा आदेश होता.

वाचला. खुर्चीत बसून वाचला, मग उभी राहून वाचला, मग मिस्त्रीला हाक मारली. धाकट्या, किती कठोर आदेश लिहिलाय रे! किती निर्दय! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं, बरं का साहेब, आपण पाकीट उघडलंच असेल तर नोंद करून ठेवा, बाई रागानं रडली.

आम्ही काय काय सांगायचं नाही म्हणे. २२ मार्चला सकाळी अकरा वाजता जिल्ह्याच्या गावी, कचेरीच्या मागच्या लांब हॉलमध्ये डोंगराची सुनावणी आहे, हे सांगायचं नाही. जो हजर राहणार नाही त्याची खाणीला संमती धरली जाईल, हेही नाही. लिहिता येत नसलं तरी तोंडी हरकत घेता येते आणि ती लिहून घेणं अधिकाऱ्याला भाग आहे, ही गोष्ट तर अजिबात कुणाच्या कानावर जाता कामा नये. आणि पुलाकडचा रस्ता खचलाय तेव्हा माणसांनी आदल्या दिवशीच नदीकाठच्या वाटेनं निघावं असं कुणी कुणाला सुचवू नये, हे वाचून तर माझी बोलतीच बंद झाली. किती बारीक विचार केलाय तुमच्या साहेबांनी!

आणि भाषांतर. तू बोली विसरलास असं मी चारचौघांत सांगत होते. 'एकालाही घरी ठेवू नका असं म्हणू नये', हे तू ज्या शब्दांत लिहिलंयस ना, आई अंधार पडायला लागला की दारात उभी राहून आपल्याला तशीच हाक मारायची. ते शब्द मी तिच्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

तेव्हा मी सरकारचं ऐकायचं ठरवलंय. आयुष्यात एकदा. वरची कालची ओळ अर्धवटच राहू दे.

लोभ पूर्ववत सुरू करण्यात आला आहे, याची नोंद घ्यावी.

तुझी,
ताई


ता. १६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. ऐकण्याच्या विभागानं कळवलंय की आदेशाचं वाचन नियमित चालू असून निवेदिकेचा सूर अत्यंत आज्ञाधारक आहे. साहेबांनी हा अहवाल वर पाठवला. वरून कौतुकाचं पत्र आलं. आपल्या बोलीत चाललेला एखादा कार्यक्रम कचेरीनं इतक्या आवडीनं ऐकावा असं पहिल्यांदाच घडतंय.

मला झोप लागत नाही. हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली की पोपड्यांचं घर गेलं तर गेलं. आता ती माझ्याशी भाजीपलीकडेही बोलते.

प्रकृतीस जपावं, लोभ दोन्ही हातांनी धरून ठेवावा.

धाकटा


ता. २४ मार्च

चि. धाकट्यास आणि चि. वहिनीस पोटभर आ.

पाकीट उघडणाऱ्या साहेबांनी हे पत्र बसून वाचावं, लांब आहे.

आधी वाचनाचं सांगते. निरीक्षकाची भीती वाटत होती, पण त्याच्यासारखा माणूस होणे नाही. सरकारी आदेश वाचला जातोय म्हटल्यावर तो उशी सोडून उठून उभा राहायचा. खटक्यावरचा हात काढून पाठीमागे बांधायचा. पहिल्या दिवशी मला खोकला आला आणि नदीकाठच्या वाटेचं वाक्य अर्धं राहिलं, तर त्यानं मला ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. सरकारचा शब्द अर्धा जाता कामा नये, म्हणाला. हसू आवरताना माझ्या बरगड्या दुखल्या. मिस्त्री तर यंत्रामागे तोंड खुपसून बसायचा.

मग बावीस तारीख आली. मी आदल्या दिवशीच खचलेल्या रस्त्यापर्यंत ट्रकमधून आणि पुढे काठी टेकत जिल्ह्याला गेले. सकाळी बघते तर लांब हॉलमध्ये अधिकाऱ्यांनी पुढे दहाबारा खुर्च्या मांडलेल्या, एवढ्याच लागतील अशी त्यांची तयारी. आणि नदीकाठानं माणसं येतायत, येतायत, येतायत. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, पोरांना कडेवर घेऊन. हॉल भरला, अंगण भरलं, रस्ता भरला. ज्याची आई गेली तो मुलगाही आला होता. त्यानं सगळ्यांत आधी हरकत नोंदवली. खाणीबद्दल बोलला, आणि मग त्या दिवशीच्या निरोपाबद्दलही बोलला. लिहून घेणाऱ्यानं याचा सुनावणीशी काय संबंध असं विचारलं, तर मागून बायकांचा असा आवाज उठला की त्यानं मुकाट्यानं लिहिलं.

मुख्य अधिकाऱ्यांनी घाम पुसत विचारलं की तुम्हाला कळवलं कुणी. सगळे एका सुरात म्हणाले की सरकारनं. रोज दोनदा कळवत होतं, म्हणाले. आम्हाला आपसात बोलायला बंदी होती, म्हणून कुणी कुणाशी बोललो नाही, नुसते उठून आलो.

दिवे लागेपर्यंत हरकती लिहून घेणं चाललं होतं. शेवटी त्यांनी जाहीर केलं की संमती आहे असं म्हणता येत नाही, प्रस्ताव परत पाठवतो. परत पाठवलेलं पुन्हा येतं हे मला कळतं, मी काही कुक्कुलं बाळ नाही. पण परवा रात्री डोंगर आपला होता आणि आजही आहे.

काल दुपारी केंद्राला सील ठोकलं. कारण विचारलं तर आदेशाचं अतिरेकी पालन केलं, असं लिहून दिलंय. यंत्र घेऊन गेले. मिस्त्री रस्त्यापर्यंत त्यांच्यामागे गेला, हळू धरा, हळू धरा, डावीकडची तार सैल आहे, असं सांगत. परत येऊन दगडावर बसला आणि रडला. मीही रडले. आज संध्याकाळी निरोपाच्या वेळेला सगळा डोंगर गप्प होता, आणि ते मला सहन झालं नाही. कुणाची आई आजारी पडली असेल तर आज कुणाला कळणार नाही, हे डोक्यातून जात नाही.

आता तुझी काळजी. सही साहेबांची आहे, पण गळा तुझाच सापडणार. तुझ्यावर काय बेतलंय ते लपवू नकोस. मी तुला फार टाकून बोलले. बोलले ते बोलले, परत घेत नाही. पण आज तू समोर असतास तर तुला उभा धरून हलवला असता आणि मग घट्ट जवळ घेतला असता.

लोभाचं काय विचारतोस, तो आता सील ठोकूनही थांबायचा नाही.

तुझी,
ताई


ता. ९ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मग पोरीनं पुन्हा वाचलं. पोरीला आपल्याला एक बोली आहे हेच आजवर नीट ठाऊक नव्हतं. आता मला दिवसभर विचारते, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात.

इकडचं सांगतो. आदेशाबद्दल माझ्यावर काही ठेवता येईना. सही साहेबांची, कल्पना साहेबांची, कौतुकाचं पत्र वरचं. मला दोषी ठरवायचं तर ती सगळी ओळच उभी करावी लागली असती. साहेबांना बढती देऊन दुसरीकडे पाठवलं. मग माझ्यावर वेगळा आरोप ठेवला की मी नोकरीला लागताना ही बोली येत असल्याचं लपवलं.

परवा चौकशी झाली. बंद खोली, लांब टेबल, पलीकडे तिघं. एक टिपून घेणारा. मधल्यानं विचारलं की तुम्हाला आपल्या बचावासाठी काही सांगायचंय का. मी हो म्हणालो, आणि आपल्या बोलीत बोलायला लागलो. ठरवून नाही गं. तोंड उघडलं आणि तेच आलं. आईबद्दल बोललो, लहानपणी शाळेच्या वसतिगृहात बोलीत बोललो की मार बसायचा ते सांगितलं, तोलायच्या खोलीतल्या तुझ्या केंद्राचं सांगितलं, आई गेलेल्या त्या मुलाचं सांगितलं. त्यांना म्हणालो, हे ऐकायला तुम्ही पंधरा माणसं कानाला यंत्र लावून बसवलीत, आणि आज मी समोर बसून सांगतोय तर ऐका. चांगला अर्धा तास बोललो असेन. या इमारतीत इतकं मी आजवर कधी बोललो नव्हतो. पहिल्यांदा ते एकमेकांकडे बघत होते, मग घड्याळाकडे, मग कुठेच नाही.

मी थांबल्यावर मधल्यानं टिपून घेणाऱ्याला काहीतरी सांगितलं. त्यानं एक ओळ लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं, विचारणा केली असता कर्मचारी गप्प राहिला.

खाली सही करा, म्हणाले. मी नाही केली. इतक्या वर्षांत पुढ्यात आलेल्या प्रत्येक कागदावर केली, या एकावर नाही केली. नोकरी गेली, ताई. महिनाअखेर घर सोडायचंय. आम्ही तिघंही येतोय. मला अजून पुष्कळ बोलायचंय.

लोभ आहेच. तो घेऊन दारात उभी राहा.

तुझा,
धाकटा